वाटीत काय उरते? उंदरांच्या पेलेट खाद्याचा वर्षभराचा अनुभव

शाई, राख आणि तीळ या आमच्याकडच्या तीन मादी उंदरांना गेले वर्षभर मी एकाच प्रकारचे पेलेट खाद्य, म्हणजे सगळे घटक एकत्र दळून व दाबून केलेले एकसारखे कोरडे तुकडे, देत आहे. या काळात दोन-दोन किलोंच्या आठ पिशव्या संपल्या, तिघींची वजने दर रविवारी वहीत लिहिली गेली, आणि हे खाद्य कुठे उत्तम आहे व कुठे उणे आहे याविषयी मत देण्याइतका अनुभव गाठीशी जमला. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण येथील बहुतेक निरीक्षणे त्या एका पिशवीपेक्षा या प्रकारच्या खाद्याला अधिक लागू पडतात. मराठीत आपण रॅट आणि माऊस या दोघांनाही उंदीर म्हणतो, त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट करतो की हे परीक्षण रॅटविषयी, म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस या जातीच्या पाळीव वंशाविषयी आहे.

पेलेटकडे वळण्यापूर्वी वर्षभर मी त्यांना सीड मिक्स देत होतो. त्याच्या पारदर्शक पिशवीतून सूर्यफुलाच्या बिया, मक्याच्या पाकळ्या, वाळवलेल्या केळ्याच्या चकत्या, ओट्स आणि मधूनमधून हिरवट रंगाचे लहान पेलेट दिसत, आणि एवढे नानाविध पदार्थ पाहून आपण आपल्या प्राण्यांना किती छान खायला घालतो आहोत असे समाधान वाटे. पिशवीवरचे प्रथिनांचे व स्निग्धांशाचे आकडेही व्यवस्थित होते. पण ते आकडे संपूर्ण मिश्रणाचे होते, आणि संपूर्ण मिश्रण आमच्याकडे कोणीच खात नव्हते. शाई ही तिघींमध्ये वरचढ. ती वाटीपाशी सर्वांत आधी येई, सूर्यफुलाच्या बिया वेचून काढी आणि मग केळ्याच्या चकत्यांकडे वळे. राख मका खाई. तीळ स्वभावाने भित्री असल्यामुळे दोघी निघून गेल्यावर येई आणि तिच्या वाट्याला ओट्सची टरफले व चार-दोन उष्टे तुकडे येत. हिरवट पेलेट, ज्यांत त्या उत्पादकाने जीवनसत्त्वे आणि खनिजे घातलेली होती, ते सकाळी जसेच्या तसे वाटीत पडलेले असत. म्हणजे एकाच वाटीतून तिघी तीन निरनिराळे आहार घेत होत्या, आणि त्यांपैकी एकही पिशवीवर छापलेल्या आहाराशी जुळत नव्हता. चार महिन्यांत शाईचे वजन ३१० ग्रॅमवरून ३७२ ग्रॅमवर गेले. तीळ मात्र २७० ग्रॅमच्या आसपासच राहिली आणि तिच्या अंगावरचे केस खरखरीत दिसू लागले.

माझी पहिली चूक ही होती की वाटी रिकामी झाली म्हणजे खाद्य संपले असे मी धरून चाललो होतो. उंदीर खाणे साठवून ठेवणारा प्राणी आहे. तो आवडीचे दाणे तोंडात धरून घरट्यात, झोळीच्या घडीत, पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेल्या बेडिंगच्या कोपऱ्यात नेऊन दडवतो, त्यामुळे वाटीवरून हिशेब केला तर तो हमखास चुकतो. पुढे पेलेट सुरू केल्यावर मी सलग दहा दिवस रात्री खाद्य मोजून घातले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटी, घरट्याचे खोके, झोळी व खालचा ट्रे असे सगळे धुंडाळून उरलेले तोलले. तिघींनी मिळून दिवसाकाठी सरासरी पंचेचाळीस ग्रॅम पेलेट खाल्ले होते. प्रौढ उंदराला त्याच्या दर शंभर ग्रॅम वजनामागे साधारण पाच ते सहा ग्रॅम कोरडे खाद्य लागते असे मानतात. आमच्याकडे पेलेटखेरीज थोडे ताजे अन्नही दिले जाते हे लक्षात घेतले, तर आमचा आकडा या प्रमाणाला धरूनच आहे. दोन किलोंची पिशवी आम्हाला सहा आठवड्यांच्या आसपास पुरते ती याच हिशेबाने.

आता प्रत्यक्ष खाद्याविषयी. हे पेलेट बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान, तपकिरी, कोणताही रंग न घातलेले आणि बऱ्यापैकी कठीण आहेत. आकार योग्य आहे असे मी म्हणतो, कारण उंदीर मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन पंजांत तुकडा धरतो आणि कुरतडत खातो. फार बारीक दाणे त्याला असे धरता येत नाहीत, आणि फार मोठे असले तर अर्धे खाऊन टाकून देण्याची सवय लागते. वास भाजलेल्या धान्याचा येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक तुकड्यात तेच आणि तेवढेच आहे. शाईने पाच तुकडे पळवून घरट्यात नेले तरी तिला सूर्यफुलाच्या बिया अधिक आणि तिळेला टरफले अधिक, असा भेद उरत नाही. सशक्त उंदीर जास्त खाईल, दुबळा कमी खाईल, पण निवडून खाणे कोणालाच शक्य नाही. एकापेक्षा अधिक उंदीर असलेल्या घरात, आणि उंदीर कळपात राहणारा प्राणी असल्याने ते एकाहून अधिक असायलाच हवेत, हा गुण मला बाकीच्या सगळ्या गुणांहून मोठा वाटतो.

पिशवीवर किमान १४ टक्के प्रथिने, ४ टक्के स्निग्धांश आणि कमाल ५ टक्के तंतू असे लिहिले आहे. हे आकडे प्रौढ उंदरासाठी समंजस आहेत. अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या पोषणविषयक शिफारशींत वाढत्या व प्रजननक्षम उंदरासाठी आहारात १५ टक्के उत्तम प्रतीची प्रथिने आणि केवळ शरीर राखण्यासाठी ५ टक्के प्रथिने पुरतात असे म्हटले आहे. धान्य व सोया यांपासून बनवलेल्या खाद्यात प्रथिनांची प्रत मिश्र असते, त्यामुळे ५ टक्क्यांवर कोणी खाद्य बनवत नाही व बनवूही नये. पण प्रौढ उंदराला २० किंवा २४ टक्के प्रथिनांचे खाद्य वर्षानुवर्षे देण्यातही हित नाही. उंदरांमध्ये, विशेषतः नरांमध्ये, उतारवयात मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत जाण्याचा विकार फार आढळतो आणि प्रथिनांचा अतिरेक त्यात भर घालतो. हाच उत्पादक पिलांसाठी व गाभण माद्यांसाठी जास्त प्रथिनांचे वेगळे खाद्य बनवतो, ही मला जबाबदारीची गोष्ट वाटली. सर्व वयांच्या, इतकेच नव्हे तर सर्व जातींच्या छोट्या प्राण्यांसाठी एकच पिशवी विकणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरे. गिनी पिग हा गवतावर जगणारा शाकाहारी प्राणी, उंदीर सर्वभक्षी. दोघांना एका ताटात बसवणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे.

हे लिहिताना एक विचार मनातून जात नाही. पोषणाच्या बाबतीत उंदराइतका बारकाईने अभ्यासला गेलेला दुसरा प्राणी दाखवणे कठीण आहे. एल्मर मॅककोलम आणि मार्गारेट डेव्हिस यांनी १९१३ साली दाखवून दिले की चरबी म्हणून डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल मिळणाऱ्या उंदरांची वाढ काही काळाने खुंटते आणि लोण्यातील किंवा अंड्यातील स्निग्ध अर्क दिल्यावर ती पुन्हा सुरू होते. त्या अर्कातल्या घटकाला पुढे अ जीवनसत्त्व म्हटले गेले. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना १९२२ साली ई जीवनसत्त्वाचा माग लागला तोही उंदरांच्या माद्यांमुळेच, कारण त्या घटकावाचून त्यांचे गर्भ टिकत नव्हते. माणसाच्या खाण्याविषयी आपण जे जाणतो त्यातला मोठा हिस्सा या प्राण्याने स्वतः उपाशी राहून, आजारी पडून आपल्याला शिकवला आहे. त्याच्या गरजांचे तक्ते इतक्या वर्षांपासून तयार असताना त्याच्याच नावाने रंगीत पाकळ्या व साखर लावलेले तुकडे विकले जावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या खाद्याची पहिली आणि गंभीर उणीव अशी की पिशवीवर वापराची अंतिम तारीख आहे, उत्पादनाची तारीख नाही. खाद्यातील जीवनसत्त्वे साठवणीत हळूहळू नष्ट होतात. प्रयोगशाळांमध्ये नैसर्गिक घटकांपासून बनवलेले कोरडे खाद्य थंड व कोरड्या जागी ठेवून उत्पादनापासून साधारण सहा महिन्यांच्या आत वापरण्याची पद्धत आहे. माझ्या हाती आलेली पिशवी दोन महिने जुनी आहे की दहा महिने, हे केवळ अंतिम तारखेवरून मला कळू शकत नाही. मी उत्पादकाला याविषयी लिहिले होते. पिशवीवरील क्रमांकावरून तारीख कळवू असे सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि त्यांनी ती कळवलीही, परंतु प्रत्येक ग्राहकाने पत्र लिहून तारीख मागवावी अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. तोपर्यंत मी मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेत नाही, दोन किलोंचीच घेतो, आणि उघडल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड व दमट हवा यांपासून दूर ठेवतो. मका असलेल्या कोणत्याही खाद्याच्या बाबतीत ओलाव्याची काळजी दुप्पट घ्यायला हवी, कारण मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाला उंदराचे यकृत फार लवकर बळी पडते. कुबट वास आला तर पिशवी टाकून द्यावी. वरचे काढून खालचे वापरण्याचा मोह टाळावा.

दुसरी उणीव भुकटीची. प्रत्येक पिशवीच्या तळाशी मूठ-दीड मूठ पीठ उरते. ते वाया जाते हा तोटा किरकोळ आहे. त्याहून मोठा त्रास म्हणजे ते पीठ नाकात जाते. पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू असतोच. तो एरवी दबून राहतो आणि धूळ, अस्वच्छ पिंजऱ्यातला अमोनिया किंवा ताण यांमुळे डोके वर काढतो. राखेला हा त्रास आधीपासून आहे. पिशवी संपत आली की तिच्या शिंका वाढत आणि नाकाशी लालसर स्राव दिसे. हा स्राव पाहून नवीन माणूस रक्त समजून घाबरतो, पण ते डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारे पॉर्फिरिन नावाचे लालसर रंगद्रव्य असते. ते रक्त नसले तरी प्राण्याला काहीतरी बाधते आहे याची खूण असते आणि ते वारंवार दिसले तर पशुवैद्याला दाखवायलाच हवे. आता मी शेवटचा अर्धा किलो चाळणीतून चाळून घेतो. तेव्हापासून राखेच्या शिंका बऱ्याच कमी झाल्या. चाळण्याचे काम ग्राहकावर पडू नये, हे मात्र उत्पादकाने पाहायला हवे.

पिशवीवरील दोन दाव्यांविषयीही लिहायला हवे. एक, कठीण पेलेटमुळे दात झिजून योग्य लांबीचे राहतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात हे खरे. परंतु ते मुख्यतः वरचे व खालचे दात एकमेकांवर घासून झिजतात, आणि निवांत असताना उंदीर जो कुरकुर असा आवाज करतो तो याच घासण्याचा. कठीण खाद्य कुरतडण्यात त्याला गोडी वाटते आणि वेळ जातो, एवढे श्रेय त्याला द्यावे. दात वेडेवाकडे वाढले असतील, तर कोणतेही पेलेट ते सरळ करणार नाही, पशुवैद्यच लागेल. दुसरा दावा क जीवनसत्त्व घातल्याचा. उंदीर हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. माणसाला आणि गिनी पिगला ते जमत नाही. त्यामुळे ते घातल्याने अपाय नसला तरी ते ठळक अक्षरांत छापण्यासारखे काही नाही, आणि ती जागा उत्पादनाच्या तारखेला द्यावी असे मी सुचवेन.

खाद्य बदलताना घाई करू नये. उंदीर नव्या अन्नाकडे संशयाने पाहतो. आधी किंचित चाखतो, काही तास थांबतो आणि त्रास झाला नाही तरच पुढे खातो. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून ही सावधगिरी त्याच्या स्वभावात खोल रुजलेली असावी. मी पहिल्या दिवशी जुन्या मिश्रणात चौथा हिस्सा पेलेट घातले आणि दहा दिवसांत मिश्रण पूर्ण बंद केले. शाईने तीन दिवस पेलेट वाटीबाहेर फेकले. तिसऱ्या रात्री तिळेने एक तुकडा उचलून शांतपणे खाल्ला, शाईने तिच्या तोंडापाशी नाक नेऊन बराच वेळ हुंगले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खायला सुरुवात केली. सोबत्याच्या श्वासाचा वास घेऊन कोणते अन्न निर्धोक आहे हे उंदीर शिकतात, हे मी वाचलेले होते; आपल्या डोळ्यांसमोर ते घडताना पाहण्याचा आनंद मला अजून आठवतो.

केवळ पेलेटवर उंदीर निरोगी राहू शकतो, पण एवढ्या चौकस प्राण्याला रोज तेच तुकडे घालून थांबावे असे मला वाटत नाही. एकूण खाण्याचा साधारण पाचवा हिस्सा मी ताजा ठेवतो: वाटाणे, गाजर, ब्रोकोली, सफरचंदाची बी काढलेली फोड, आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. वाटाणे उथळ बशीतल्या पाण्यात टाकले की तिघी पंजांनी ते पकडत बसतात. कच्चा घेवडा व राजमा, हिरवट पडलेला बटाटा, कांदा आणि पोट फुगवणारी सोड्याची पेये मात्र कधीही देऊ नयेत. उंदराला ढेकरही नीट देता येत नाही. नर उंदरांना संत्र्या-लिंबाच्या सालीपासून दूर ठेवावे, कारण तिच्यातील डी-लिमोनीन नरांच्या मूत्रपिंडातील एका विशिष्ट प्रथिनाशी जोडले जाऊन तेथे इजा करते. माद्यांमध्ये ही इजा होत नाही, तरी मी ती साल आणतच नाही, कारण तिचा उग्र वास तिघींनाही आवडत नाही. ताजे अन्न तासा-दोन तासांत काढून घ्यावे आणि लपवलेले तुकडेही शोधावेत.

पेलेट कोरडे असल्यामुळे पाणी अधिक लागते. दर शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला दहा ते बारा मिलिलिटर हा ढोबळ हिशेब आहे, आणि बदलानंतर आमची बाटली खरोखरच लवकर रिकामी होऊ लागली. बाटलीच्या नळीच्या तोंडाशी असलेली गोळी अडकली तर उंदीर तहानेबरोबर उपाशीही राहतो, कारण पाण्यावाचून तो कोरडे खात नाही. म्हणून रोज बोट लावून थेंब येतो का ते पाहावे आणि शक्य तर दोन बाटल्या लावाव्यात. वाटीच्या बाबतीत सांगायचे तर मी आता अर्धे पेलेट वाटीत आणि अर्धे बेडिंगमध्ये, कागदाच्या चुरगळलेल्या पिशव्यांत व पुठ्ठ्याच्या नळ्यांत पसरून ठेवतो. शोधून खाण्यात त्यांची रात्र सरते, शिवाय शाईला एकाच जागी बसून राज्य करता येत नाही.

वर्षाअखेरीस शाई ३३८ ग्रॅमवर उतरली आणि तेथेच स्थिरावली, तीळ २९५ ग्रॅमवर आली व तिचे केस मऊ झाले. राखेचे वजन फारसे हलले नाही. यातले सगळे श्रेय खाद्याला देता येणार नाही, कारण त्याच काळात मी पिंजरा मोठा केला आणि पसरून खाऊ घालायला लागलो. परंतु लठ्ठपणा कमी होणे हे माद्यांच्या बाबतीत विशेष मोलाचे आहे, कारण त्यांच्यात स्तनांच्या गाठी फार होतात आणि भरपेट, चरबीयुक्त आहाराने त्यांचा धोका वाढतो. पाचपैकी गुण द्यायचे तर खाद्याच्या घडणीला मी पाच देईन, पिशवीवरच्या माहितीला दोन, भुकटीमुळे वेष्टनाला तीन. दोनाहून अधिक उंदीर एकत्र असणाऱ्यांनी ते निःशंक घ्यावे. सहा-सात आठवड्यांच्या पिलांसाठी याच उत्पादकाचे जास्त प्रथिनांचे खाद्य घ्यावे, हे नव्हे.

तीळ आता सव्वादोन वर्षांची झाली आहे. उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे, तेव्हा ती म्हातारी झाली असेच म्हणावे लागेल. तिचे मागचे पाय अशक्त झाल्यामुळे तिला बसून पंजांत तुकडा धरता येत नाही. तिच्यासाठी मी सहा पेलेट कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवतो. ते फुगून आपोआप लापशीसारखे होतात, कुस्करावेही लागत नाहीत. पसरट झाकणात ही लापशी तिच्या झोपण्याच्या जागेपाशी ठेवतो, आणि ती आडवी पडल्या पडल्या, शाई येण्याच्या आत, सगळी चाटून संपवते.